काकूंचं वेढणं आणि पोळपाटाची कॉइल

"सोनं पळतंय की काय?" नानांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. त्यांच्या अंगणात मी तीन ठिकाणी "इथेच आहे" म्हणून छातीठोक सांगितलं होतं. तिन्ही ठिकाणी गड्यानं कुदळ चालवली होती. पहिल्या खड्ड्यात माती निघाली, दुसऱ्यात माती, तिसऱ्यात गांडूळ. आणि आता चौथ्या जागी माझ्या कानात पुन्हा शिट्टी चढत होती. मी थांबले की शिट्टी थांबे. पाऊल टाकलं की वाजे.

"नाना, मशीन सेट व्हायला वेळ लागतो," मी म्हणाले. हे वाक्य मी दुकानात रेडिओच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. चोख सोन्याचे नवे दागिने करायला सरकारनं बंदी घातली होती, ती वर्षं. डहाणू रोडला आमचं रेडिओ रिपेअरिंगचं दुकान होतं. पाटीवर नाव ह्यांचं, सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात. मी लग्नाआधी मुंबईला मामांच्या वर्कशॉपमध्ये काम शिकले होते. ह्यांना गिऱ्हाइकाशी बोलायला आवडे, मला रेडिओतल्या व्हॉल्व्हशी. त्यामुळे संसार बरा चालला होता. गावात मला सगळे 'रेडिओबाई' म्हणत, आणि मला ते इतकं आवडे की सासूबाईंनी नावानं हाक मारली तर मी उशिरा ओ देत असे.

तर एकदा मुंबईला व्हॉल्व्ह आणायला गेले आणि भंगारवाल्याकडून लष्कराचा जुना माइन डिटेक्टर घेऊन आले. माइन म्हणजे जमिनीत पुरलेला सुरुंग. लांब दांडा, त्याच्या टोकाला परातीएवढी सपाट तबकडी, पाठीवर सर्किटची पेटी आणि बॅटऱ्यांची पिशवी, कानाला हेडफोन. आतली निम्मी वायरिंग उंदरांनी खाल्ली होती. ती मी माझ्या पद्धतीनं नव्यानं केली. पेटी चालू झाली, आणि मी दुकानाबाहेर बोर्ड लावला: 'हरवलेले दागिने व नाणी शोधून मिळतील.' ह्यांनी तो वाचला. म्हणाले, "शोधून मिळतील? की शोधून बघू?" मी म्हणाले, "मिळतील." तेव्हा माझं वय असं होतं की मला 'बघू' हा शब्द भित्र्या लोकांचा वाटे.

पहिलं गिऱ्हाईक जवळच्या चिखले गावचे नाना. समुद्राकडेला नारळ-चिकूची वाडी, मागे भातशेती. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, वेढणं हरवलं होतं. वेढणं म्हणजे सोन्याच्या जाड तारेचे दोन वेढे दिलेली साधी अंगठी. काकूंना ते त्यांच्या सासूकडून आलेलं. काकूंचं म्हणणं असं: शेणकाम करायचं होतं, म्हणून वेढणं काढून ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलं, काम झाल्यावर पाहिलं तर नाही. त्या दिवशी अंगणात खळं सारवायला जिवली होती. जिवली आणि तिचा नवरा रूपजी हे वारली जोडपं नानांच्याच वाडीच्या कडेला झोपडी करून राहत असे, नानांच्याच शेतावर राबत असे. बाकी कोणी आलं-गेलं नव्हतं. म्हणजे झालंच.

मला हे सगळं तिथे पोचल्यावर कळलं. मला वाटलं होतं, वेढणं शोधायला बोलावलंय. नानांना हवी होती जिवलीच्या झोपडीची जमीन तपासून. अंगण त्यांनी मला फक्त तालमीसाठी दिलं होतं.

तर अंगणात सोनं पळत होतं. मी घामाघूम. जिवली खळ्याच्या कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती, कारण तिचा सगळा जीव त्या शिट्टीला टांगलेला. मी पुन्हा एक पाऊल टाकलं, पुन्हा शिट्टी. उजवं टाकलं तर वाजे, डावं टाकलं तरी वाजे. तेव्हा कुठे रेडिओबाईंनी खाली पाहिलं. पायाच्या बोटांत चांदीची जोडवी. तबकडी पुढे आणि पाऊल तिच्या मागोमाग. मी स्वतःच्याच पायांचा शोध लावत होते.

मी तिथेच बसकण मारली आणि जोडवी काढायला लागले.

"अगं अगं!" काकू किंचाळल्या. "सवाष्ण ना तू? घरी नवरा आहे ना?"

"आहे. आत्ता दुकानात गप्पा मारत असेल."

"मग? तो तिकडे धडधाकट आणि तू इकडे जोडवी उतरवतेस? शोभतं का हे, पोरी?"

"काकू, अर्ध्या तासानं परत घालते. तेवढ्यात त्यांना काही व्हायचं नाही. ते गिऱ्हाइकाला सुद्धा एवढ्या लवकर सोडत नाहीत."

जोडवी मी पदराच्या टोकाला बांधली. उठले. पदर तबकडीवरून गेला. शिट्टी. नाना आता तोंडावर उपरणं धरून हसत होते. शेवटी जोडवी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती देवासमोर नेऊन ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं, हे मला नंतर कळलं.

इथे थोडं मशीनबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनं फार जवळ आली की 'कुंई' अशी शिट्टी ऐकू यायची, आठवतं? तेच तत्त्व. पेटीत दोन सर्किट असतात. दोन्ही जवळजवळ सारख्या सुरात लावायची. एक पेटीतच राहतं, दुसऱ्याची तार तबकडीत गुंडाळलेली असते. ती गुंडाळी म्हणजे कॉइल. कॉइलजवळ धातू आला की तिचा सूर ढळतो, आणि दोन सुरांतला फरक शिट्टी होऊन कानात येतो. माझ्या जुळणीत लोखंडाच्या खिळ्यानं शिट्टी खाली उतरे. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांनी वर चढे. बस्स. यापलीकडे मशीनला अक्कल नाही. सोनं कुठलं आणि तांबं कुठलं हे तिला कळत नाही. ते मलाही तेव्हा पुरेसं कळलेलं नव्हतं.

झोपडीत गेलो. कारवीच्या कुडाच्या भिंती, मातीची जमीन, कुडात खोचलेला कोयता. कोयत्यापाशी शिट्टी खाली आली. "लोखंड," मी ऐटीत म्हणाले. मग चुलीपासून हातभर अंतरावर शिट्टी सरळ वर चढली. पाय अनवाणी, पदर खोचलेला. या वेळी शंकाच नव्हती.

"लोखंड नाही!" मी ओरडले. "वरची जात आहे!"

नानांनी तेवढंच ऐकलं. गड्याला म्हणाले, "खण."

बोटभर खाली निघाला भोकाचा तांब्याचा पैसा. जुना, सरकारनं बंद केलेला.

जिवली पुढे आली. "माझे पोरीचे करगोट्यातला हाय तो. पावसाळ्यात हरवला होता." तिनं हात पुढे केला.

नानांनी पैसा दिला नाही. तो बोटांत फिरवत म्हणाले, "पैसा पुरतात, म्हणजे पुरायची सवय आहे. सोनं कुठे पुरलंस?"

"मी नाय घेतलाय. मना सोना काय करायचाय, नाना? घालून कुठं जाऊ?"

"नाना, तो हरवलेला पैसा आहे," मी म्हणाले. "पुरलेला असता तर..."

"तुमचं काम झालं, रेडिओबाई. मशीन बोललं ना? आता आम्ही बोलतो."

ते काय बोलले ते मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. जिवली, रूपजी आणि पोरगी गाठोडं घेऊन तलासरीकडे, तिच्या भावाच्या पाड्यावर निघून गेली होती. आणि तिच्यापुढे बातमी गेली होती. चिखल्यापासून तलासरीपर्यंत वाड्या-शेतांचे मालक एकमेकांचे सोयरे. चोरीचा शिक्का बसलेल्या बाईला कापणीला, लावणीला, सारवणाला कोण बोलावणार? झोपडी गेली ती गेलीच, पुढची भाकरीही गेली. नाना सगळीकडे सांगत होते, "मशीननं पकडली."

ह्यांनी मला ते सांगितलं आणि बाहेरच्या बोर्डाकडे पाहिलं.

"मशीननं काही पकडलेलं नाही," मी म्हणाले. "मशीनला एक पैसा सापडलाय."

"मग नानांना तसं सांग."

"सांगून ऐकणार नाहीत. वेढणं शोधून देते."

"कुठून? अंगण झालं, झोपडी झाली."

"काहीच झालेलं नाही. पैसा वरच होता म्हणून लागला. त्या परातीला पुरलेली अंगठी दिसतच नाही."

हे मला आदल्या रात्री झोप येईना तेव्हा कळलं होतं. भंगारवाल्याकडे दोन तबकड्या होत्या. एक परातीएवढी, एक बशीएवढी. मी मोठी उचलली. मोठं ते चांगलं, असा माझा त्या काळी सरसकट सिद्धांत होता. रेडिओ मोठा हवा, अंबाडा मोठा हवा, बोर्डवरची अक्षरं मोठी हवीत. पण मोठी कॉइल खोलवरच्या मोठ्या वस्तूसाठी असते. सुरुंगासाठी, हंड्यासाठी. तिच्या पसाऱ्यात अंगठी म्हणजे लग्नाच्या पंगतीतला मोहरीचा दाणा. लहान वस्तूला लहान कॉइल लागते. ती खोल पाहत नाही, पण जे पाहते ते नीट पाहते.

बशीएवढी लाकडी, गोल, सपाट वस्तू मी घरभर शोधली. ती स्वयंपाकघरात सापडली.

"माझा पोळपाट कुठे गेला गं?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं.

"दुकानात."

"दुकानात पोळ्या लाटतेस?"

"नाही, आई. त्याच्याभोवती तार गुंडाळलीय."

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे. त्या आठवड्यात आमच्याकडे भाकऱ्या झाल्या, कारण भाकरी थापायला पोळपाट लागत नाही.

जळालेल्या ट्रान्स्फॉर्मरमधली तांब्याची तार उलगडून पोळपाटाच्या कडेला गुंडाळली. पेटीतला सूर पुन्हा जुळवला. मग घमेल्यात वाळू भरून परीक्षा घेतली. सासूबाईंची अंगठी पुरली: खणखणीत. माझी सोन्याची चेन पुरली: जवळजवळ काहीच नाही, वजन अंगठीच्या तिप्पट असूनही. कारण अंगठी हे पूर्ण बंद कडं आहे आणि चेन म्हणजे चिमुकल्या कड्यांची माळ. मशीन प्रत्येक कडी वेगळी मोजतं. तेव्हा चेन हरवली तर माझ्याकडे येऊ नका, देवाकडे जा, असं मी पुढे लोकांना सांगत असे. वेढणं अंगठीसारखंच वाजत होतं, ते मी सोनाराकडून एक मागून आणून तपासलं. सोनारानं विचारलं, "घ्यायचंय?" म्हटलं, "नाही, पुरायचंय." त्यानं ह्यांना दुकानात येऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

चार बोटं खोलीपर्यंत पोळपाटाला वेढणं स्पष्ट दिसत होतं. समुद्रावर नेलं तर मात्र मशीन वेड्यासारखं ओरडे. आपल्या किनाऱ्याच्या काळ्या रेतीत लोखंडाचा अंश असतो आणि ओल्या रेतीत मीठ. म्हणून मनाशी ठरवलं, काकूंनी वेढणं लाटांत टाकलं असेल तर माझी हार. नाहीतर नाही.

मग टांगा करून पुन्हा चिखल्याला.

"आता कशाला?" नाना ओट्यावरून म्हणाले. "चोर तर गेली."

"तुम्ही मला चोर शोधायला बोलावलं होतं की वेढणं?"

"एकच ते."

"मग वेढणं दाखवा."

काकू आतून बाहेर आल्या, त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. जोडवी मी घरूनच काढून आले होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

मी त्यांच्यासमोर बसले. रेडिओ दुरुस्तीला आला की आम्ही आधी पेटी उघडत नाही. आधी विचारतो, काय झालं. "काकू, वेढणं कधी काढलंत?"

"सांगितलं ना. शेणात हात घालायच्या आधी मी नेहमी काढून कोनाड्यात ठेवते."

"नेहमीचं नको. त्या दिवशीचं सांगा."

"त्या दिवशीही तसंच."

"काढलं ते आठवतंय? कुठल्या हातानं ठेवलंत? कोनाड्यात आणखी काय होतं?"

काकू चिडल्या. "हे बघ, तीस वर्षं मी शेणकाम करते. तीस वर्षं वेढणं कोनाड्यात ठेवते. मला शिकवू नकोस."

मला उत्तर मिळालं होतं. आमच्या धंद्यात हे रोजचं. "रेडिओ मी नेहमी बंद करून झोपतो," गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, आणि बॅटरी उतरलेली असते. माणूस खोटं बोलत नाही. त्याला जे रोज घडतं तेच त्या दिवशीही आठवतं.

"त्या दिवशी शेण कुठे कुठे लावलंत?"

"अंगणात जिवली होती. मी..." काकू थांबल्या. "मी घरातलं."

"मग घर दाखवा."

अंगण पुन्हा झालं. गोठा झाला. नारळांच्या बुंध्यांपाशी तर शिट्टी खालीच बसली; बघते तर नानांच्या वडिलांनी प्रत्येक रोपाच्या खड्ड्यात गंजके खिळे टाकलेले, झाडाला लोह मिळावं म्हणून. "सगळी वाडीच लोखंडाची आहे तुमची," मी म्हणाले. नाना म्हणाले, "नारळ बघितलेत का केवढे धरतात?" त्यांचा मूड जरा सुधारला. मग ओटा, माजघर. काही नाही. दुपार झाली. कानाला हेडफोन रुतला होता. बॅटऱ्यांच्या पट्ट्यानं खांदा सोलला होता. नानांनी दोनदा विचारलं, "बस ना आता?" मी दोनदा म्हणाले, "नाही."

राहिली कणग्यांची खोली. कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, माणसाच्या छातीएवढी उंच टोपली. दरवर्षी नवं भात भरायच्या आधी तिला शेणामातीनं लिंपतात, म्हणजे दाणा गळत नाही आणि कीड शिरत नाही. काकू दारातच आडव्या आल्या.

"इथे नाही. इथे परक्याचं पाऊल पडत नाही आमच्यात."

"पाय धुते."

"पायांचा प्रश्न नाही गं. लक्ष्मीची खोली."

"लक्ष्मीच हरवलीय ना, काकू? तिलाच शोधतेय."

नाना म्हणाले, "जाऊ दे तिला. एकदाची बघेल आणि जाईल." मी पाय धुतले, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. काकूंनी दोन बोटांनी माझ्या अंगावर पाणी शिंपडलं. हेडफोनवरही शिंपडलं. ते मी सहन केलं.

तीन कणग्या होत्या. पहिली गप्प. दुसरी गप्प. तिसरीच्या तळाजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर, शिट्टी सर्रकन वर चढली. पोळपाट काढला, उतरली. नेला, चढली. बांबूला खिळा नसतो. आणि असता तर शिट्टी खाली गेली असती.

मी या वेळी ओरडले नाही. एकदा ओरडून झालं होतं.

"नाना, भात काढा."

"अख्खी कणगी?"

"अख्खी."

गडी आत घेता येईना, कारण तोच नियम. मग नाना स्वतः धोतर खोचून उभे राहिले. आम्ही तिघांनी सुपांनी भात उपसलं आणि चटयांवर पसरलं. नाकातोंडात भुसा. काकूंना शिंका. नाना प्रत्येक सुपाला एक शिवी देत होते. मला नाही, मशीनला. पसरलेल्या भातावरून मी पोळपाट फिरवला. एकदा, दोनदा. शिट्टी जागची हलली नाही.

"झालं समाधान?" नाना धापा टाकत म्हणाले.

मी रिकाम्या कणगीकडे वळले. त्याच जागी पोळपाट नेला. शिट्टी चढली.

म्हणजे भातात नव्हतं. कणगीतच होतं. भिंतीत.

तिथे लिंपण जरा जाड होतं. एक बांबूची पट्टी तुटली होती, तिथे बाहेरून शेणाचा गोळा थापून बुजवलं होतं. मी नखानं खरवडायला लागले. मग नानांनी चाकू दिला. सुकलेल्या शेणाची खपली निघाली आणि आत पिवळी तार चमकली. दोन वेढे.

नाना गरजले, "बघा! बघा कुठे दडवलं भवानीनं! शेणात लपवलं! मी म्हणतच होतो."

मी काकूंना विचारलं, "काकू, ही कणगी कोणी लिंपली?"

"मी. आणखी कोण?"

"जिवलीनं हात लावला असेल ना थोडा?"

"जिवलीनं?" काकू भडकल्याच. "इथे? कणगीला? वेड लागलंय का तुला? मजुराचा हात लागत नाही आमच्या कणगीला! माझ्या सासूनं नाही लावू दिला, मी नाही लावू दिला. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही तिनं कधी!"

आणि मग त्यांनी स्वतःचंच बोलणं ऐकलं.

त्यांचा हात तोंडाकडे गेला. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. तो गोळा थापताना ओल्या शेणात बोटावरून वेढणं सरकलं होतं. हात धुऊन काकू कोनाड्यापाशी गेल्या, रोजच्यासारख्या, आणि तिथे वेढणं नव्हतं, कारण त्या दिवशी ते ठेवलंच नव्हतं. ज्या नियमानं जिवलीला कायम उंबरठ्याबाहेर ठेवलं, त्याच नियमाची आज तिच्या बाजूनं साक्ष होती.

"बरं," नाना म्हणाले. "निरोप पाठवतो तिला. ये म्हणावं परत. द्या वेढणं इकडे."

मी वेढणं माझ्या बोटात सरकवलं आणि मूठ मिटली.

"तलासरीला देते."

"काय?"

"तुम्ही गावभर सांगितलंत, मशीननं पकडली. आता गावभर फिरायला तुम्हाला वेळ नाही, मला कळतं. पण तिच्या पाड्यावर तरी चला. तिथे तिच्या माणसांसमोर सांगा कुठे सापडलं. मग हे काकूंच्या बोटात."

"मुली, तू माझ्या घरात उभी राहून माझं सोनं..."

"हो, नाना. पोलिसांना बोलवा. मी त्यांना पण कणगी दाखवीन."

वाद काकूंनी मिटवला. त्या म्हणाल्या, "मी जाते. तुम्ही येणार असाल तर या."

दुसऱ्या दिवशी एसटीनं तलासरी. नाना काळ्या कोटात, काकू पिंजरीच्या मोठ्या कुंकवात, मी मशीन खांद्यावर घेऊन, कारण मशीनचं नाव खराब झालं होतं आणि मला ते सोबत हवं होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, ही तोफ टपावर टाका." मी म्हणाले, "तोफ नाही, साक्षीदार आहे." त्यानं तिला अर्धं तिकीट लावलं.

हायवेवर उतरून पाड्यापर्यंत चालत गेलो. जिवली भावाच्या अंगणात गवताचे भारे बांधत होती. आम्हाला पाहून उठली नाही. माणसं मात्र जमली.

नाना खाकरले. "वेढणं सापडलं," ते म्हणाले.

जिवली भारा बांधतच राहिली.

"कुठे सापडलं ते सांगा, नाना," मी म्हणाले.

"घरात."

"घरात कुठे?"

नाना माझ्याकडे असे बघत होते की मी सुरुंग असते तर फुटले असते. शेवटी काकूच पुढे झाल्या. "माझ्याच हातून कणगीच्या लिंपणात गेलं, जिवली. तू नाही घेतलंस. मी सगळ्यांसमोर सांगते, तू नाही घेतलंस." आणि जमलेल्या म्हाताऱ्यांकडे वळून पुन्हा एकदा तेच सांगितलं.

मी वेढणं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटात घातलं नाही, मुठीत धरलं.

"चल घरी," नाना म्हणाले. "झोपडी तशीच आहे. खळ्याला तुझ्यासारखा हात नाही कोणाचा."

जिवलीनं भाऱ्याची गाठ आवळली. "मी नाय येत."

"अगं, सगळं मिटलं ना आता?"

"तुझा मिटला, नाना. माझा पोरीचा पैसा तुझेकडं हाय. तो दे. माझ्या तीन कोंबड्या रायल्या झोपडीत, त्या दे. मी नाय येत." मग माझ्याकडे वळून, मशीनकडे बोट करून तिनं विचारलं, "बाय, माणूस खोटा बोलते, तवा वाजते का हा?"

"नाही गं."

"मग कशाला वागवते एवढा वजन?"

पाडा हसला. रूपजी हसला. मला सुद्धा हसू आलं, आणि खांदा दुखत होता म्हणून जास्तच आलं.

पुढच्या वर्षी काकूंनी खळं स्वतः सारवलं, अशी बातमी आली. रूपजी-जिवली गवताच्या कामाला लागले, कोणी नाही म्हटलं नाही. मी बोर्ड बदलला. 'मिळतील' खोडून 'शोधून पाहू' केलं. ह्यांनी तो वाचला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःच वाचून दाखवला.

त्यानंतर बरीच वर्षं मी दागिने शोधले. कॉलेजच्या पोरी आणि मुंबईचे हौशी लोक अजून विचारायला येतात की मशीन कुठलं घ्यावं. मी सांगते: अंगठी-नाण्याला लहान कॉइल, हंड्याला मोठी, आणि हंडा तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा लहानच घ्या. पायातलं काढा, पदर खोचा. समुद्राच्या ओल्या रेतीत डोकं फिरवून घेऊ नका. आणि मशीन चालू करण्याआधी ज्याचं हरवलंय त्याला विचारा, त्या दिवशी काय केलं. तो 'नेहमी' म्हणाला की समजा, त्याला आठवत नाही. मग त्याच्याच हातामागून जा. दुसऱ्याच्या झोपडीत शेवटी शिरा, आणि शक्यतो शिरूच नका.

भोकाचा पैसा आणि कोंबड्या नानांनी स्वतः तलासरीला नेऊन दिल्या, असं रूपजीनं मला बाजारात सांगितलं. पैसा पोचला. कोंबड्या तीन होत्या, दोनच पोचल्या. तिसरी कुठे गेली ते शोधायला मात्र नानांनी मला बोलावलं नाही.